क्राइस्ट युनिव्हर्सिटी, बंगळूर: दोन सत्रांनंतर, अभ्यासातली मदत आणि कार्यक्रमांबद्दल

प्रवेशाचे दिवस जवळ आले आणि गावाकडून फोन सुरू झाले. ‘क्राइस्ट कसं आहे गं? आमच्या पोराला झेपेल का?’ प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं. मी इचलकरंजीची. होसूर रोडवरच्या मुख्य कॅम्पसमध्ये अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतेय आणि दुसरं सत्र संपत आलंय. फी, प्लेसमेंट, हॉस्टेल यांची माहिती कुठेही मिळेल. अभ्यासात अडलं तर खरंच कुणी हात देतं का, आणि इतके कार्यक्रम होतात त्यांचा काही उपयोग आहे का, एवढंच इथे लिहिते. ज्यांचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालंय त्यांनी तर याच दोन गोष्टींसाठी इथे यावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण घरचे विचारतातच. सीएमआय या केरळमधल्या कॅथलिक धर्मसंघाने 1969 मध्ये इथे कॉलेज काढलं आणि 2008 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संघाच्या संस्थापकांपैकी एक, संत चावरा, यांनी 1846 मध्ये मान्नानम इथे संस्कृतची शाळा सुरू केली होती. लवासालाही यांचा कॅम्पस आहे. पण माझा अनुभव फक्त बंगळूरचा.

इथला अभ्यास वर्षअखेरच्या परीक्षेवर चालत नाही. सीआयए, म्हणजे अंतर्गत मूल्यमापन, सत्रभर सुरू असतं आणि बऱ्याच विषयांत साधारण निम्मे गुण त्यातूनच येतात. निबंध, सादरीकरण, गटाने करायचं काम, मध्येच मिड-सेम. गाईड आणून शेवटच्या महिन्यात उरकायची सवय असेल तर पहिल्याच महिन्यात दम लागतो. माझ्या आधीच्या कॉलेजात संदर्भ कसा द्यायचा हे कुणी कधी शिकवलं नव्हतं, आणि इथे पहिल्याच असाइनमेंटला एपीए, म्हणजे संदर्भ द्यायची एक ठरलेली पद्धत, मागितली.

इथे कामाला आलं ते कॅप्स. पूर्ण नाव सेंटर फॉर अकॅडमिक अँड प्रोफेशनल सपोर्ट. याचं वेगळेपण असं की शिकवणारे बहुतेक विद्यार्थीच असतात: निवड होऊन, प्रशिक्षण घेऊन तयार झालेले स्वयंसेवक. लेखन, सादरीकरण, मुलाखतीची तयारी अशा विषयांवर ते कार्यशाळा घेतात. लेखनाच्या कार्यशाळेत माझ्या वाट्याला एक मल्याळी सीनिअर आली. सगळे तिला चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. तिने माझा एक परिच्छेद घेतला, पेन्सिलने तीन वाक्यांखाली रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला: ‘हे तू म्हणतेस की लेखक म्हणतो?’ पहिलं लेखकाचं होतं, दुसरं माझं, तिसऱ्याचं मला सांगता येईना. मग तिने ते तिसरं वाक्य माझ्याकडूनच पुन्हा लिहून घेतलं, दोन वाक्यांत तोडून. उतारा कुठे संपतो आणि माझं मत कुठे सुरू होतं हे तेव्हा जे कळलं ते आजतागायत विसरले नाही.

प्राध्यापकांनी हेच सांगितलं असतं तर मी नुसती मान डोलावली असती. तिच्यासमोर मी मोडक्या इंग्रजीत, मध्येच हिंदीत, पुन्हा पुन्हा विचारू शकले. आपल्याकडची हुशार पोरं शंका विचारायलाच लाजतात, त्यांच्यासाठी ही व्यवस्था सोन्यासारखी आहे. मात्र चेची तुमची असाइनमेंट लिहून देणार नाही. तशी अपेक्षा घेऊन जाऊ नका.

याशिवाय प्रत्येकाला मेंटॉर प्राध्यापक असतात आणि समुपदेशनाची सोयही आहे. लायब्ररीला इथे नॉलेज सेंटर म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत लवकर जाऊन जागा धरा.

एक गोष्ट मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा: 85 टक्के हजेरी लागते. गणपतीला आठवडाभर, दिवाळीला पंधरा दिवस असं गावी राहता येत नाही. ज्यांना वर्गाबाहेर राहून स्वतःच्या वेळेने अभ्यास करायचाय त्यांनी दुसरं ठिकाण बघावं, हे मी अगदी स्पष्ट सांगेन. मला स्वतःला या शिस्तीचा फायदाच झाला.

आता कार्यक्रम. दर्पण आणि ब्लॉसम्स या युनिव्हर्सिटीतल्याच मुलांसाठीच्या स्पर्धा, तर इन-ब्लूमला बाहेरची कॉलेजं येतात. नाच, गाणी, नाटक, वादविवाद, सगळं असतं आणि तयारीही जीव तोडून होते. पण माझ्या मनात घर केलं ते भाषा उत्सवाने. त्या दिवशी सगळे पारंपरिक वेषात येतात आणि आपापल्या भाषेचं काहीतरी सादर करतात. आमचा मराठी गट लहानसा. सोलापूर, नागपूर, पुणे आणि बेळगावची एक मुलगी. लेझीम ठरली. ताल धरायला फोनवरचं हलगीचं रेकॉर्डिंग, आणि नाचणाऱ्या कमी पडल्या म्हणून दोघी मणिपुरी मैत्रिणी आमच्यात आल्या.

त्यांना नऊवारी नेसवणं हे माझं काम. कमरेला गाठ मारली, निऱ्या घातल्या, मागे काष्टा खोचला आणि एकीला म्हटलं, आता चालून बघ. ती आधी जपून पाऊल टाकत होती, मग तिने खाली बसून बघितलं, उठून बघितलं, उडी मारली आणि ओरडलीच, ‘यात तर पळता येतं!’ त्यानंतर त्या दोघी आमच्यापेक्षा खाली वाकून लेझीम खेळल्या. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. लेझीम म्हणजे काय, ती कोण खेळतं, कधी खेळतात हे भरलेल्या सभागृहात इंग्रजीत सांगायचं. पुढच्याच आठवड्यात वर्गात सादरीकरण होतं आणि मी कागद न बघता बोलले. त्यामुळे ‘कार्यक्रमांत पोरांचा वेळ जातो’ हे मला पटत नाही. मराठी माध्यमातल्या मुलीचं इंग्रजी वर्गात जेवढं सुटतं, तेवढंच ते स्टेजवर सुटतं.

डिसेंबरात मॅग्निफिकॅट असतो, नाताळचा मोठा सोहळा. कॅरोल, येशूजन्माचे देखावे, रोषणाई. आई दर फोनला विचारायची, ‘तिथे प्रार्थना करायला लावतात का?’ कॅम्पसवर फादर आहेत, चॅपल आहे, नाताळ जोरात होतो, आणि ही संस्था आपली श्रद्धा लपवत नाही. पण वर्गात असो, कॅप्समध्ये असो की मेंटॉरपाशी, माझा धर्म मला कुणी विचारला नाही. मी कॅरोलच्या गटात स्वतःहून गेले, कारण चार आवाजांत गाणं मला शिकायचं होतं. आपल्या भजनात सगळे एका सुरात गातात. इथे माझी ओळ शेजारणीपेक्षा वेगळी आणि ती सोडायची नाही. अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, ती ओळ धरून ठेवायला मला बरेच दिवस लागले, पण जमली तेव्हाचा आनंद काही औरच होता.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सत्र सुरू होताच नोटीस आणि ईमेल रोज बघा, कॅप्सच्या कार्यशाळांची आणि स्वयंसेवकांच्या निवडीची सूचना नजरेतून सुटू देऊ नका. लेखनाची कार्यशाळा पहिल्या सीआयएच्या आधी करा, नंतर नाही. आणि नऊवारी, फेटा, लेझीम जे असेल ते घरूनच आणा. आमच्याकडे यंदा लेझमी कमी पडल्या. कोल्हापूरच्या रात्रीच्या बसने कुणी येणार असेल तर जास्तीच्या घेऊन या.