पायथॉनचे एरर मेसेज आता खरंच कामाचे झालेत (3.8 ते 3.13 वापरून लिहितोय)

मी संध्याकाळी अकरावी-बारावीच्या पोरांना पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो, त्यामुळे एरर मेसेज हा माझा रोजचा विषय आहे. आधी क्लासच्या मशीनवर पायथॉनची 3.8 आवृत्ती होती. एका मुलीने नाश्त्याच्या दरांची डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांची यादी) लिहिली, वडापाव, मिसळ, चहा, आणि महिरपी कंस बंद करायचा राहिला. एरर आला तो खालच्या ओळीवर, नुसतं 'इन्व्हॅलिड सिंटॅक्स'. ती ओळ एकदम बरोबर होती! तिने ती तीनदा पुसून परत लिहिली, आणि शेवटी म्हणाली सर मला हे जमणार नाही. मला फार वाईट वाटलं, कारण चूक छोटी होती आणि मशीन बोट दाखवत होतं भलतीकडेच.

3.10 मध्ये (2021) हे सुधारलं. आता सरळ सांगतो की हा कंस बंदच केलेला नाही, आणि जिथे उघडलाय तीच ओळ दाखवतो. 3.9 ला पार्सर (कोड वाचून त्याची रचना समजून घेणारा भाग) नवीन आला त्यामुळे हे सगळं करणं सोपं झालं. टोटल नावाच्या व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तर 'डिड यू मीन टोटल' असं विचारतो, पोरं स्वतःच दुरुस्त करतात, मला हाक मारत नाहीत. 3.11 मधली खूण मला सगळ्यात आवडते, एका ओळीत दोन भागाकार असले आणि एक शून्याने होत असला तर नेमक्या त्याच भागाकाराखाली रेघ येते.

3.13 मध्ये एरर मेसेजना रंग आलेत, आणि आपल्या फाईलला रँडम डॉट पीवाय नाव देऊन आत पायथॉनचं तयार रँडम मॉड्यूल इम्पोर्ट करून वापरायला गेलं की नाव बदला असं सुचवतो, ही चूक दर बॅचला कोणीतरी करतंच.

कमी काय आहे तर की-एरर, म्हणजे डिक्शनरीत नसलेलं नाव (की) शोधल्यावर येणारा एरर. डिक्शनरीत 'मिसळ' ऐवजी 'मिसल' शोधलं तर फक्त 'मिसल' छापून गप्प, जवळची की सुचवत नाही, आणि नवशिक्यांना तिथेच गरज असते. मेसेज इंग्रजीतच येतात हेही मराठी मीडियमच्या पोरांना जड जातं, पण वाक्यं छोटी आहेत, दोन आठवड्यांत सवय होते. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत एररचा नंबर दिला की उदाहरणासकट समजावून सांगतात, तसं इथे यायला हवं.

तुमच्या लॅबमध्ये अजून 3.8 असेल तर आजच काढा, 2024 पासून त्याला सिक्युरिटी अपडेटही येत नाहीत.