रेकॉर्ड क्रमांक 3 बेंच व्हाइस : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, आणि दोन स्क्रूंविषयीची तक्रार

मागील वर्षी घेतलेला नवा व्हाइस, म्हणजे टेबलावर पक्की बसवून वस्तू आवळून धरायची पकड, फेब्रुवारीत तुटला आणि त्या रागाच्या भरातच मी जुन्या बाजाराची वाट धरली, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जुन्या व्हाइसचे जे कौतुक येईल त्यातला काही भाग त्या रागाचाही आहे. फाटकाच्या बिजागरीची वाकलेली पट्टी सरळ करताना मी व्हाइसच्या दांडीवर दोन फुटी पाइप चढवला होता, ही माझी चूक मला मान्य आहे. मात्र सरकता जबडा बुडापासून निखळून पायाशी पडला तेव्हा तुटलेल्या जागी करडे, दाणेदार बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसत होते आणि त्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी पोकळी होती. दाबाखाली बीड भक्कम असते, पण ताणाखाली त्याची ताकद तिपटी-चौपटीने कमी भरते, आणि व्हाइस आवळताना जबड्याच्या बुडाशी आतल्या अंगाला नेमका ताणच येतो. तिथेच ओतकामात पोकळी राहिली असेल तर पाइप हे केवळ निमित्त ठरते. हे सगळे दुकानदाराला तुकडा दाखवून सांगितले. त्याने पाइपचा उल्लेख ऐकताच वॉरंटीचा कागद घडी करून परत दिला आणि म्हणाला, "बिडात अशा पोकळ्या असतातच, काका." तीन आठवडे फोन करून झाल्यावर मी 2,150 रुपयांवर पाणी सोडले.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिसऱ्या रविवारी, एका ताडपत्रीवर, मिक्सरच्या मोटारी आणि पितळी नळांच्या ढिगाखाली मला रेकॉर्ड क्रमांक 3 सापडला. वाचणाऱ्यांना हे मॉडेल ठाऊक असेलच : 4 इंची जबडे, साधा चौकोनी आट्यांचा स्क्रू, झटपट सरकण्याची सोय नाही, खाली फिरती बैठक नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन या 1898 साली सुरू झालेल्या कारखान्याचा हा माल; रेकॉर्ड ही त्यांचीच छाप. विक्रेत्याने तो मुंबईच्या बंद गिरणीतून आल्याचे सांगितले. जुन्या बाजारातले प्रत्येक अवजार एकतर गिरणीतून आलेले असते किंवा रेल्वेतून, त्यामुळे त्याकडे मी लक्ष दिले नाही. 4,500 पासून सुरू झालेला भाव 2,800 वर थांबला.

घेण्यापूर्वी मी ज्या गोष्टी तपासल्या त्या उपयोगी पडल्या. सरकता जबडा हाताने पुढे-मागे ओढून, स्क्रू ज्यात फिरतो त्या आतल्या नटाची झीज पाहिली. अंगावर कुठे पिवळसर रेघ, म्हणजे पितळेने केलेला जोड, आहे का ते नखाने खरवडून पाहिले, आणि नंतर लहान हातोडीने ठिकठिकाणी टिचकी मारून आवाज ऐकला; चीर गेलेले बीड भांड्यासारखे वाजत नाही, बद्द आवाज देते. माझा व्हाइस सगळीकडे सारखा वाजला. जबड्यांच्या तोंडावरच्या सुट्या पट्ट्या धरणाऱ्या स्क्रूंकडे मात्र मी ढुंकूनही पाहिले नाही, आणि पुढचे सात आठवडे त्याचीच किंमत मोजली.

सफाईची हकीकत थोडक्यात उरकतो, कारण ती सगळीकडे सारखीच असते. सरकता जबडा पूर्ण बाहेर काढला. पुढच्या बाजूची पिन, वॉशर आणि स्प्रिंग गंजून एकजीव झाले होते, ते डिझेल आणि इंजिन ऑइलच्या मिश्रणात चार दिवस बुडवल्यावर सुटले. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून 12 व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक व्हाइसला आणि धन टोक भंगार लोखंडी पट्टीला जोडले, आणि वीस तासांनी गंज काळ्या चिखलासारखा पुसून निघाला. यात दोन पथ्ये पाळावीच लागतात : हायड्रोजन सुटतो म्हणून बादली उघड्यावर ठेवावी, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

आता स्क्रूंविषयी. स्थिर जबड्याच्या पट्टीला दोन स्क्रू होते, दोन्ही सपाट खाचेचे, आणि दोन्हींच्या खाचा आधीच्या कोणी तरी छिन्नीने फोडून ठेवल्या होत्या. एक निघाला. दुसऱ्याचे डोके तुटले आणि दांडा बिडातच राहिला. त्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालावा असे मी ठरवले होते, परंतु एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर तो इतका कडक असतो की नंतर ड्रिलही चालत नाही, हे एका जुन्या फिटरने वेळेवर सांगितले. त्याच्याच सांगण्यावरून वेल्डरकडे गेलो. त्याने तुटक्या दांड्यावर एक नट ठेवला, नटाच्या भोकातून आत टाका भरला, लालभडक नट काळा पडेपर्यंत विडी ओढली, आणि मग पाना लावून लोणी कापावे तसा तो दांडा फिरवून बाहेर काढला. दीडशे रुपये घेतले. त्या दीड मिनिटाचे मला आजही अप्रूप वाटते.

खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली. बोहरी आळीत स्क्रूचा नमुना दाखवला की प्रत्येक दुकानदार न पाहताच "आठ एमएमचा सीएसके" (म्हणजे सपाट बसणाऱ्या, निमुळत्या डोक्याचा स्क्रू) म्हणून पुडी बांधू लागे. तो दोन फेरे आत जातो आणि अडकतो, कारण हे आटे मेट्रिक नाहीत. कॅलिपर लावून पाहिले तेव्हा जाडी 7.9 मिलिमीटर भरली आणि एका इंचात 18 आटे मोजले गेले, म्हणजे 5/16 इंची व्हिटवर्थ, हे जुने ब्रिटिश माप. आठ एमएमच्या आट्यांचे अंतर 1.25 मिलिमीटर, याचे 1.41. चौथ्या दुकानात एकाने विजयी मुद्रेने अमेरिकी मापाचा 5/16 इंची स्क्रू काढला. त्यालाही इंचाला 18 आटेच असतात, त्यामुळे तो बोटांनी शेवटपर्यंत गेला आणि मी आनंदाने घरी आलो. पण जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली सुचवलेल्या आट्यांचा कोन 55 अंशांचा आहे आणि अमेरिकी आट्यांचा 60 अंशांचा. आटे एकमेकांवर पूर्ण टेकत नाहीत. त्या पट्टीत काही धरून कानस चालवताना हलकीशी कुरकुर ऐकू येई आणि आठवड्याभरात पट्टी सुटे. सरळ नवे भोक पाडून मेट्रिक आटे मारावेत असा सल्ला चार जणांनी दिला. तो व्यवहार्य होता हे मी नाकारत नाही, परंतु सत्तर-ऐंशी वर्षे टिकलेल्या बिडात केवळ बाजारात स्क्रू मिळत नाही म्हणून भगदाड वाढवायचे, हे मनाला पटेना. शेवटी भोसरीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. त्याने दोन स्क्रूंचे सहाशे रुपये सांगितले आणि सहा स्क्रूंचेही सहाशेच सांगितले, कारण वेळ जातो तो मशीन लावण्यात. मी अर्थातच सहा घेतले.

मधल्या काळात व्हाइस टेबलावर बसवण्याचे काम चालू होते, आणि तिथे माझे एक मत पूर्ण बदलले. फिरती बैठक नसलेला व्हाइस म्हणजे अर्धा व्हाइस, असे मी एप्रिलपर्यंत मानत असे. नऊ महिन्यांत मला ती एकदाही आठवली नाही. उलट जुन्या व्हाइसची फिरती बैठक प्रत्येक फटक्याला किंचित सरकायची, ती कटकटच संपली. फिरवण्याच्या सोयीपेक्षा व्हाइस टेबलावर नेमका कुठे बसतो याला कितीतरी जास्त महत्त्व आहे. मी पहिल्यांदा तो टेबलाच्या काठापासून बोटभर आत बसवला, दिसायला नीटनेटका. दुसऱ्याच दिवशी सायकलचा सीट-पाइप उभा धरायला गेलो तर तो टेबलाच्या काठावर अडला. स्थिर जबड्याचा आतला चेहरा काठाच्या किंचित पुढे हवा, म्हणजे लांब वस्तू जमिनीपर्यंत सरळ उतरते. हे प्रत्येक आयटीआयच्या मुलाला ठाऊक असते आणि मला पन्नाशीत कळले. चारही भोके नव्याने पाडली. व्हाइस टेबलाच्या पायाच्या थेट वर घेतला आणि जबड्यांचा माथा माझ्या कोपराच्या उंचीला आणला, त्यासाठी टेबलाचे पाय चार इंचांनी वाढवावे लागले. कानस चालवताना खांदा दुखण्याचे त्या दिवसापासून थांबले.

टेबलाची फळी पाडलेल्या वाड्याच्या सागवानी दाराची, दोन इंच जाड आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार माझ्या काटकसरीविषयी आहे. बोल्ट आरपार घेतले खरे, पण फळीखाली लोखंडी पट्टी टाकायला 220 रुपये पडतात म्हणून मी घरात पडलेला आंब्याच्या लाकडाचा तुकडा पॅकिंग म्हणून लावला. पावसाळ्यात तो फुगला आणि बोल्ट इतके आवळले गेले की वॉशर लाकडात रुतले. दिवाळीनंतर हवा कोरडी पडताच तोच तुकडा आकसला, आणि एका सकाळी कानस मारता मारता सगळा व्हाइस खुळखुळू लागला. शेवटी 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी आणि नायलॉक, म्हणजे आपोआप ढिले न होणारे, नट घातले. एप्रिलमध्येच घालायला हवे होते.

प्रत्यक्ष वापराबद्दल. पकड उत्कृष्ट आहे. जबडे मिटल्यावर दोन्ही टोकांना वहीच्या कागदाच्या पट्ट्या धरल्या तर दोन्ही सारख्याच घट्ट अडकतात. नव्या व्हाइसमध्ये डावीकडची कागदाची पट्टी नेहमी सटकत असे. करवतीच्या दातांना धार लावताना पातळ पात्याची थरथर जवळजवळ थांबते, आणि हे सुख मी आधी कधी अनुभवले नव्हते. उणीव एवढीच की नट झिजलेला असल्यामुळे दांडी उलटी फिरवताना सुमारे अर्धा फेरा रिकामा जातो. पहिल्या महिन्यात मी ही मोठी खोट धरली होती आणि नवा नट ओतून घेण्याची चौकशीही केली होती. आता हाताला त्या अर्ध्या फेऱ्याची सवय झाली आहे आणि चौकशी मी बंद केली. दांडी सोडली की ती घसरून खणकन खाली येते आणि तळहाताची कातडी चिमटते, त्यावर दोन टोकांना दोन रबरी रिंगा चढवल्या; दुपारच्या वेळी आवाजाबद्दल वरच्या मजल्यावरून येणारे निरोपही त्यामुळे थांबले.

जबड्यांच्या पट्ट्यांची धार अजून तीक्ष्ण आहे, त्यामुळे पितळ किंवा ॲल्युमिनियम धरले की जाळीचा ठसा उमटतो. ॲल्युमिनियमचा कोन वाकवून लावता येतो, परंतु मी तांबट आळीतून तांब्याच्या जाड पत्र्याचे दोन मऊ जबडे ठोकून घेतले. कारागिराने व्हाइस पाहिला नव्हता, मी नेलेल्या पुठ्ठ्याच्या नमुन्यावरूनच त्याने काठ वळवले, आणि ते पहिल्याच वेळी खटकन बसले. 450 रुपये जास्त वाटले होते, आता वाटत नाहीत.

रंगाबाबत माझी चूक झाली. रेकॉर्डची ओळख असलेला निळा रंग मी हौसेने दोन हातांत मारला, आणि अंगावरची ओतीव अक्षरे त्यात निम्मी बुडाली. पुन्हा करायचे झाल्यास मी केवळ तेल चोपडून ठेवीन. खंडेनवमीला घरच्यांनी त्यावर हळद-कुंकू वाहिले. ओल्या कुंकवाखाली जबड्याच्या उघड्या पृष्ठभागावर बोटाच्या ठशाएवढा गंज आला आहे, आणि तो घासून काढण्याची परवानगी मला मिळालेली नाही.

एकूण खर्च 4,750 रुपये झाला. त्यातले 750 त्या दोन स्क्रूंचे, शिवाय बोहरी आळीच्या चार आणि भोसरीच्या दोन खेपांचे पेट्रोल, जे मी हिशेबात धरलेले नाही, कारण धरले तर जुना व्हाइस घेणे परवडले असे घरात म्हणता येणार नाही. सरकत्या जबड्याच्या पट्टीचे दोन स्क्रू अजून मूळचेच आहेत, खाचा फुटलेल्या, पण घट्ट. त्यांना मी हात लावलेला नाही. लेथवाल्याने केलेल्या सहापैकी उरलेले चार तेलकट कागदात गुंडाळून त्यांच्यासाठी खणात ठेवले आहेत.