ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक?

सांगलीतला भाचा अडलाय: मोठे हेडफोन घ्यायचेत, कुठले घेऊ? खोक्यावरचं ‘एक्स्ट्रा बास’ वगैरे सोडून द्या.

आधी आवाज. ओपन-बॅकच्या कपाला मागून जाळी असते, त्यामुळे गाणं डोक्यात कोंडत नाही. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजारव) सुटी, मोकळी ऐकू येते. शेजारी बसलेल्यालाही येते म्हणा! आणि एसटी स्टँडवरचा गलका थेट आत. क्लोज्ड-बॅकचा कप मागून बंद असतो, तो गलका बराच अडवतो, ढोलकीचा ठोका भरीव लागतो. उन्हाळ्यात मात्र कान घामेजतात.

कमी पैशांत बहुतेक क्लोज्ड-बॅकच मिळतात. महागड्यांत ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) बघा: सेनहायझर एचडी ६०० हा ओपन-बॅक ३०० ओहमचा, फोनवर दबकाच वाजतो, अ‍ॅम्पचा (आवाजाला जोर देणाऱ्या यंत्राचा) खर्च वेगळा. टिकायचं तर वायर नि कुशन बदलता येणारेच घ्या.

रात्री घरी निवांत शास्त्रीय ऐकणाऱ्याने ओपन-बॅक घ्यावा. हॉस्टेल, प्रवास, लावणी, डीजे असेल तर क्लोज्ड-बॅक.