लँडमार्क स्कूल: रोज एक तास, एक शिक्षक, एक मूल

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या उत्तरेला, समुद्राच्या कडेने बेव्हर्ली गावातल्या प्राइड्स क्रॉसिंग भागात चार्ल्स ड्रेक यांनी 1971 साली लँडमार्क स्कूल सुरू केलं. शाळा ना-नफा तत्त्वावर चालते, वर्ग दुसरी ते बारावी. धाकट्यांचं आवार शेजारच्या मँचेस्टर-बाय-द-सी गावात आहे, हायस्कूल बेव्हर्लीत, आणि हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृहाची सोय आहे. इथे येतात ती डिस्लेक्सिया किंवा भाषेशी निगडित इतर अध्ययन अडचणी असलेली मुलं. बुद्धीने कुठेही कमी नाहीत, बोलायला चुणचुणीत, पण वाचन-लेखन वयाच्या कितीतरी मागे पडलेलं.

या शाळेचा जीव आहे ट्यूटोरियलच्या तासात. प्रत्येक मुलाला रोज एक तास एकच शिक्षक, समोर दुसरं कोणी नाही. त्या तासात काय घ्यायचं ते वर्गाच्या अभ्यासक्रमावर नाही, त्या मुलाच्या चाचण्यांवर ठरतं. एखाद्याचं अडतं ते लांब शब्द अवयवांत फोडताना, तर दुसरा वाचतो बरं पण चार वाक्यं सलग लिहू शकत नाही. दोघांचे तास वेगळे. सरकारी शाळेत आठवड्यातून दोन-तीनदा, चार-पाच मुलांच्या गटात मिळणारी मदत आणि हा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या वर्गातही शिकवण्याची पद्धत तीच असते, त्यामुळे ट्यूटोरियलमध्ये शिकलेलं तिथेच राहून जात नाही.

पद्धत म्हणजे काय, ते लेखनावरून चांगलं कळतं. ‘परिच्छेद लिही’ म्हटलं की असं मूल कोऱ्या कागदाकडे बघत बसतं, कारण ते एक काम नसून सहा-सात कामं आहेत. इथे ती सुटी करतात. आधी सुचेल ते शब्दांत टिपायचं, मग एकसारखे मुद्दे एकत्र लावायचे, मग विषय सांगणारं पहिलं वाक्य, मग एकेका मुद्द्याला एकेक वाक्य, मग जोडशब्द, मग शेवटचं वाक्य. शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. प्रत्येक पायरीला शिक्षक आधी स्वतः करून दाखवतात, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. टिपणवहीचंही तसंच. पानावर उभी रेघ, डावीकडे मुख्य मुद्दा, उजवीकडे तपशील. परीक्षेच्या आधी उजवी बाजू झाकायची आणि डावीकडे बघून तपशील आठवायचे. घरी आजपासून करता येईल अशी ही गोष्ट आहे, मग मूल बेव्हर्लीत असो की बारामतीत.

प्रवेशाचं मात्र नीट समजून घ्या. ज्यांची मूळ अडचण भावनिक किंवा वर्तनाची आहे, त्यांच्यासाठी ही शाळा नाही, आणि शाळा हे स्पष्ट सांगते. गोंधळ होतो तो इथेच. शाळेत जायच्या नावाने पोट दुखणारं, वही फाडणारं, ‘मी मठ्ठ आहे’ म्हणणारं मूल पाहिलं की पालकांना सगळं भावनिकच वाटतं. आधी काय आलं ते शोधा: वाचता येत नाही म्हणून भीती बसली, की भीती आधीपासूनच होती? बालवाडीत हसतखेळत जाणारं मूल पहिली-दुसरीत अक्षरं आल्यावर कोमेजलं असेल, तर लँडमार्कसारख्या ठिकाणी ते पुन्हा उमलण्याची चांगली आशा आहे. नैराश्य किंवा टोकाची चिंता स्वतंत्रपणे असेल, तर उपचार देणारी विशेष शाळाच शोधावी. चुकीच्या जागी घातलेल्या मुलाचं वर्ष फुकट जातं आणि आत्मविश्वास आणखी खचतो.

आता पैसा. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचीही वर्षाची फी पन्नास हजार डॉलरच्या पुढे आहे. बहुतेक कुटुंबांना हे झेपणारं नाही. पण मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेला विशेष शिक्षणासाठी मान्यता असल्यामुळे काही मुलांची फी गावची शाळाव्यवस्था भरते. त्याची सुरुवात गावच्या शाळेकडे मुलाच्या तपासणीची लेखी मागणी करून होते, पत्रावर तारीख घालून. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. तुम्ही संमतीपत्र दिलंत की शाळेच्या कामाच्या 30 दिवसांत तपासणी आणि 45 दिवसांत आयईपीची (त्या मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची) बैठक झाली पाहिजे. आलेला आयईपी पूर्ण किंवा अंशतः नाकारता येतो. मूल स्वतःहून खाजगी शाळेत हलवून खर्च परत मागायचा असेल, तर आधी शेवटच्या बैठकीत तसं सांगा किंवा कामाचे 10 दिवस आधी लेखी कळवा. पुष्कळ जण आधी प्रवेश घेतात आणि पत्र मागाहून पाठवतात. मग परतावा कापला जातो किंवा बुडतो. खर्च परत मागण्याचा हा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये मान्य केला, तोही मॅसॅच्युसेट्समधल्याच बर्लिंग्टन गावच्या खटल्यात. गावाशी वाद होऊन सुनावणी झाली, तर तिथे ‘लँडमार्क उत्तम आहे’ हे सांगून भागत नाही. गावच्या शाळेत मूल पुढे सरकलं नाही हे दाखवावं लागतं, म्हणून दरवर्षीचे वाचनाचे गुण आणि वह्या जपून ठेवा.

उणी बाजूही आहे. दिवसभर आधाराची सवय झालेलं मूल नेहमीच्या शाळेत परतताना अडखळू शकतं. परतीची तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

मराठी घरांसाठी एक गोष्ट. ‘घरी दुसरी भाषा बोलता म्हणून वाचन मागे आहे’ असं कोणी सांगितलं तर तपासणी लांबवू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. आजीशी मराठीत बोलणं बंद करायचं कारण नाही. शनिवार-रविवारची मराठी शाळाही सोडू नका, फक्त तिथल्या ताईंना आधीच सांगून ठेवा: गोष्ट ऐकू द्या, बोलू द्या, जोडाक्षरं सावकाश घ्या, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका.