सायकलच्या चेनला तेलाऐवजी मेण : सात महिन्यांनंतर

सात महिने आणि साधारण 2,400 किलोमीटर झाले. आता खात्रीने लिहिता येईल.

आधी चेनला तेल घालायचो. चार दिवसांत ती काळीकुट्ट व्हायची. तो काळा थर म्हणजे तेलाला चिकटलेली धूळ आणि झिजलेल्या धातूचा चुरा. सांध्यात शिरला की तो पिनांना पॉलिश पेपरसारखा घासतो. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण कड्या लांबत नाहीत. पिना झिजतात आणि सांधे ढिले पडतात. नव्या चेनच्या 24 कड्या 304.8 मिमी भरतात. त्यात दीड मिमी वाढ झाली की अर्धा टक्का झीज, म्हणजे चेन बदलायची वेळ. तेलावरची जुनी चेन एवढ्याच अंतरात तिथे पोचली होती. मेणावरची अजून अर्धा मिमीही वाढलेली नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच.

वेगात मात्र फरक जाणवला नाही, आणि तो अपेक्षितही नव्हता. चांगल्या स्थितीतली चेन मुळात फार थोडी ताकद खाते. सपाट रस्त्यावर वेग वाढला की खरी अडवणूक हवा करते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट. काही जण उतारावर पॅडल न मारता सायकल सोडून चेनची परीक्षा घेतात. त्यातून काहीच कळत नाही, कारण फ्रीव्हीलमुळे तेव्हा चेन फिरतच नाही. कळतं ते बेअरिंग, टायर आणि हवेबद्दल.

पहिली तयारी किचकट आहे. कारखान्यातलं ग्रीस पूर्ण निघालं नाही तर मेण धरत नाही. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. चेन बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते, एकेक सांधा वाकवून मोकळा करायचा. मी दर 300 किलोमीटरला हे करतो.

पावसात मेण कमी पडतं. एकदा भिजलेली चेन तशीच ठेवली, तर सकाळी गंज. आता भिजली की लगेच पुसतो आणि पुन्हा मेण देतो.

आणखी एक. तेलाच्या दिवसांत एकदा मागच्या रिमवर थेंब उडाला आणि ब्रेक दाबूनही सायकल पुढे सरकत राहिली. चेनमध्ये नको असलेलं घर्षण रिमवर जिवाइतकं हवं असतं. घट्ट झालेलं मेण असं उडत नाही, म्हणून मी तेलाकडे परत जाणार नाही.