निळी टिक आली, उत्तर कुठंय? व्हॉट्सॲपच्या खुणांचं आणि बटणांचं परीक्षण

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवणाऱ्याला समोरच्याबद्दल बरंच काही कळतं. मेसेज पोचला का, उघडला का, माणूस आत्ता ऑनलाइन आहे का, शेवटचा कधी होता, उत्तर टाइप करायला घेतलंय का. त्याला उत्तर द्यायला सवड आहे का, हे मात्र कळत नाही. ‘बघून पण रिप्लाय दिला नाहीस’ हे रुसवे बहुतेक वेळा या एका उणिवेतून सुरू होतात. म्हणून इथे फक्त तेवढ्याच सोयी तपासल्या आहेत: टिक, लास्ट सीन, ऑनलाइन, आणि त्यांना आवर घालण्यासाठी दिलेली बटणं.

आधी टिकांचा अर्थ, कारण गल्लत तिथूनच होते. एक राखाडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला. ती तासन्‌तास एकच राहिली तर समोरच्याचा फोन बंद असेल किंवा नेट नसेल. ब्लॉक केलं असलं तरी एकच टिक दिसते, पण तेवढ्यावरून तो निष्कर्ष काढू नये. दोन राखाडी टिक म्हणजे मेसेज त्याच्या फोनवर किंवा त्याच खात्याला जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणावर पोचला. हे ‘किंवा’ बरेचजण विसरतात. फोन बॅगेत बंद पडलेला असला आणि व्हॉट्सॲप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालू असलं, तरी दोन टिक येतात.

निळी टिक नोव्हेंबर 2014 मध्ये आली, आणि उत्तराची घाई खरी वाढली ती तिच्यामुळे. ती ‘वाचला’ म्हणून ओळखली जाते, पण ॲपला कळतं ते एवढंच की चॅट स्क्रीनवर उघडी होती. कॉम्प्युटरवर तुमची चॅट समोर उघडी ठेवून कुणी पाणी प्यायला उठला आणि तेवढ्यात तुमचा मेसेज आला, तर टिक निळी होते. चुकून बोट लागून चॅट उघडली तरी होते. म्हणजे तो पुरावा पक्का नाही, आणि तरी भांडणात तोच पुढे केला जातो.

निळी टिक बंद करायची तर सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग रीड रिसीट्स. व्यवहार दोन्हीकडून आहे: तुमची बंद केली की दुसऱ्यांचीही तुम्हाला दिसत नाही. हा नियम योग्यच आहे. पण हे बटण सगळीकडे चालत नाही, आणि सेटिंग्जमध्ये घाईनं बोट फिरवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. ग्रुपमध्ये रीड रिसीट चालूच राहते. तिथे टिक निळी होते ती सगळ्यांनी पाहिल्यावर, पण पाठवणारा आपला मेसेज दाबून धरून ‘इन्फो’ उघडतो आणि कुणी किती वाजता पाहिला याची यादी त्याला नावानिशी मिळते. व्हॉइस मेसेजचंही तसंच. तो ऐकला की माइकची खूण निळी होते, रीड रिसीट बंद असली तरी. निवांतपणे उत्तर द्यायचं म्हणून बटण बंद केलं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर किंवा मावशीच्या व्हॉइस मेसेजवर पकडले गेलो, असं होतं ते यामुळे.

‘टायपिंग’ दिसणं बंद करायला वेगळं बटण दिलेलं नाही. अवघड उत्तर लिहून, खोडून, पुन्हा लिहिताना ते पलीकडे दिसत राहतं आणि वाट पाहणाऱ्याची उलघाल वाढते. असं उत्तर नोट्समध्ये लिहावं आणि मग पेस्ट करावं. अर्धवट सोडलंच तर चॅटच्या यादीत ‘ड्राफ्ट’ अशी हिरवी पाटी दिसते, त्यामुळे ते विसरलं जात नाही. ही भर छोटी आहे, पण फार उपयोगाची.

लास्ट सीन आणि ऑनलाइन यांच्याबद्दल आमचं मत ठाम आहे: निळी टिक चालू ठेवा, ही दोन बंद करा. निळी टिक एका मेसेजपुरती बोलते. पत्ता पोचला, वेळ कळली, गाडीचा नंबर मिळाला, एवढ्यासाठी ती खरंच कामाची आहे, आणि ‘ओके’ टाइप करण्याचा त्रास वाचवते. लास्ट सीन मात्र तुमच्या दिवसभराच्या वावराची नोंद दुसऱ्याच्या हातात देतं. ‘ऑनलाइन आहे आणि मला उत्तर देत नाही’ ही तक्रार तिथूनच येते. माणूस त्या वेळी आजारी वडिलांच्या डॉक्टरांशी बोलत असेल, हे त्या एका शब्दात मावत नाही. प्रायव्हसीमध्ये ‘लास्ट सीन अँड ऑनलाइन’ उघडा. वरच्या भागात सगळे, फक्त कॉन्टॅक्ट्स, काही कॉन्टॅक्ट्स सोडून, किंवा कुणीच नाही, असे चार पर्याय आहेत. खालच्या भागात ‘सेम ॲज लास्ट सीन’ निवडलं नाही, तर लास्ट सीन लपवूनही ऑनलाइन दिसतच राहतं. ही पायरी हमखास सुटते. ऑनलाइन लपवण्याची सोय 2022 मध्ये आली. ज्यांनी त्याआधी लास्ट सीन बंद केलं, त्यांनी खालचा भाग एकदा उघडून पाहावा.

उत्तर लांबणीवर टाकण्यासाठी सगळ्यात चांगलं साधन ‘मार्क ॲज अनरेड’ आहे. अँड्रॉइडवर चॅट दाबून धरा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ते निवडा. आयफोनवर चॅट उजवीकडे सरकवा. पाठवणाऱ्याची निळी टिक त्यानं परत राखाडी होत नाही, हे ध्यानात ठेवा. फायदा तुमच्यापुरता आहे: वरच्या ‘अनरेड’ फिल्टरमध्ये ती चॅट पुन्हा दिसते, म्हणजे द्यायच्या उत्तरांची यादी आयती तयार होते. रात्री एकदा तो फिल्टर उघडून हातावेगळं करणं हे दिवसभर प्रत्येक टिंगवर उडी मारण्यापेक्षा कितीतरी बरं. नुसतं नोटिफिकेशनमध्ये वाचलं तर टिक निळी होत नाही, पण तिथूनच रिप्लाय दिला तर होते.

म्यूटचे आठ तास, एक आठवडा आणि कायमचं असे पर्याय ठीक आहेत, पण म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही, म्हणून अपेक्षा तशीच राहते. इथे ॲपलचं आयमेसेज पुढे आहे. फोकस, म्हणजे ठरावीक काळ नोटिफिकेशन थांबवणारी सोय, चालू असताना त्याची माहिती शेअर करायला ठेवली, तर पाठवणाऱ्याला आधीच दिसतं की या माणसानं नोटिफिकेशन बंद ठेवली आहेत, आणि तातडीचं असेल तर ‘नोटिफाय एनीवे’ दाबता येतं. व्हॉट्सॲप बिझनेस या व्यावसायिकांसाठीच्या वेगळ्या ॲपमध्ये ‘अवे मेसेज’ आहे: कायम, ठरावीक वेळेत, किंवा कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा. फोनला नेट नसेल तर तो जात नाही, पण सोय उत्तम आहे, आणि दुकानदाराइतकीच ती रात्रपाळीच्या नर्सला आणि शिक्षकाला हवी. ती साध्या ॲपमध्ये यायला हवी. सिग्नल या मेसेजिंग ॲपमध्ये रीड रिसीट आणि टायपिंग दोन्ही वेगवेगळी बंद करता येतात, हेही व्हॉट्सॲपनं घ्यावं. टेलिग्राममध्ये पाठवण्याचं बटण दाबून धरलं की मेसेज आवाज न करता किंवा ठरवलेल्या वेळी पाठवता येतो. रात्री अकराला आठवलेलं काम सकाळी नऊला पोचवायला याहून सोपं काही नाही.

बटणांनी जे सुटत नाही ते मेसेजच्या शब्दांनी सुटतं. उत्तर देणाऱ्यानं ‘पाहिलं, संध्याकाळपर्यंत कळवतो’ एवढं लिहिलं की निळ्या टिकेचा ताण संपतो. मात्र दिलेली वेळ पाळायची. नुसता अंगठा दाखवणारी रिॲक्शन माहितीला चालते, प्रश्नाला चालत नाही. विचारणाऱ्यानं ‘आहेस का?’ लिहून थांबू नये, कारण समोरच्याला काम छोटं की मोठं तेच कळत नाही आणि तो चॅट उघडायचंच टाळतो. प्रश्न, आणि उत्तर कधीपर्यंत हवं, हे एकाच मेसेजमध्ये द्यावं: ‘शनिवारी गाडी मिळेल का? उद्या दुपारपर्यंत सांगितलंस तर बरं.’ काही राहिलं तर पंधरा मिनिटांच्या आत तोच मेसेज एडिट करता येतो, त्यासाठी चार तुकडे पाठवायची गरज नाही. ग्रुपमध्ये विचारायचं तर @ लावून नाव घ्यावं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी सांगेल. आणि तासाभरात उत्तर हवंच असेल तर फोन करावा.