स्लो-मो-शन ४ की ५?

सिएटलचे स्टॅन सेयर्स मोटारी विकायचे, पण नाव झालं ते स्लो-मो-शन ४ आणि ५ या दोन हायड्रोप्लेन, म्हणजे वेगात पाण्यावरून जवळजवळ उडत जाणाऱ्या, बोटींमुळे. यांतली सरस कोणती? दोन्हींचा आराखडा टेड जोन्सचा.

‘४’ म्हणजे विक्रमवीर. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर खुद्द सेयर्सनी ती ताशी १६०.३२३ मैलांनी पळवली. माल्कम कॅम्पबेलचा पाण्यावरच्या वेगाचा १९३९चा १४१.७४चा जागतिक विक्रम पार मागे पडला. १९५२ मध्ये आकडा १७८.४९७ वर गेला. गंमत तिच्या पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) होती. वेगात बोट पुढच्या दोन पंजांवर (तळाच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर) आणि मागे अर्ध्याच बुडालेल्या पंख्यावर टेकायची; बाकी सगळा तळ हवेत! मागे उडायचा पाण्याचा उंचच उंच तुरा.

‘५’ खास शर्यतीसाठी बांधलेली. १९५१ आणि १९५४चा गोल्ड कप, म्हणजे अमेरिकेतल्या बोटशर्यतींचा मानाचा करंडक, तिचा. पण १९५५ मध्ये पात्रता फेरीत चालक लू फेजॉलसकट तिनं हवेत उलटी कोलांटी मारली. तो बाहेर फेकला गेला, जखमी झाला, वाचला. बोट पुन्हा पाण्यावर सरळ पडली, हे आणखी नवल.

मला विचाराल तर ‘४’च. शर्यतीतही ती कमी नव्हती: १९५०, ५२, ५३चे गोल्ड कप तिचेच. १९५६ मध्ये डेट्रॉइटला तिचा चक्काचूर झाला; दुरुस्त करून आता सिएटलच्या संग्रहालयात टांगली आहे.